पाऊस कुणी पाडला?

‘गाईड’ हा सिनेमा मूळ कादंबरीपेक्षा सरस आहे, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमच्या पिढीत तर ते जवळजवळ सुभाषितासारखं म्हटलं जातं. देव आनंद, वहिदा, सचिनदेव बर्मन यांची नावं घ्यायची, शैलेंद्रच्या शब्दांवर एक उसासा टाकायचा आणि शेवटी म्हणायचं, “पुस्तकावरून केलेला आणि पुस्तकाच्या वर गेलेला हा एकच सिनेमा!” असं म्हणणाऱ्याला मी हळूच विचारते, “कादंबरी कधी वाचलीत?” त्यावर बहुधा विषय बदलतो.

या वाक्याशी माझं भांडण आहे आणि आज ते जरा सविस्तर मांडायचं आहे. वाचकांपैकी ‘गाईड’चे भक्त असतील त्यांनी रागावू नये. रागावले तरी शेवटपर्यंत वाचावं.

आधी माझी तक्रार कशाबद्दल नाही ते सांगते. आर. के. नारायण यांची ‘द गाईड’ ही कादंबरी १९५८ साली आली आणि १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबरी घडते ती मालगुडीत. दक्षिणेतलं ते एक काल्पनिक गाव. सरयू नदी, मेंपीचे डोंगर, स्टेशनाजवळचं राजूच्या वडिलांचं दुकान. विजय आनंद यांनी १९६५च्या सिनेमात हे सगळं उचलून राजस्थानात नेलं. साधी कॉफी पिणारी माणसं उदयपूरच्या महालांत आणि तळ्याकाठी वावरू लागली. खुद्द नारायणांना हे फार लागलं. त्यांनी या साऱ्या प्रकारावर एक लेखच लिहिला आणि त्याला ‘मिसगायडेड गाईड’ असं नाव दिलं. तरी मला विचाराल तर गाव बदलल्याचं मला फारसं दुःख नाही. गाणी घातल्याचंही नाही. हिंदी सिनेमात गाणी असायचीच, आणि असली गाणी मिळत असतील तर नाही कोण म्हणेल? वहिदा रेहमानचं नृत्य पाहून ज्याचं भान हरपत नाही त्याच्याशी मी वादही घालणार नाही. आणि आपल्या माणसांचा अभिमान म्हणाल तर राजूची आई आहे लीला चिटणीस आणि गावकऱ्यांतला भोळा भक्त आहे गजानन जागीरदार. एवढं सगळं मान्य.

माझी तक्रार वेगळीच आहे. कादंबरीने जिथे जिथे प्रश्न ठेवला, तिथे तिथे सिनेमाने तो उचलला आणि त्या जागी उत्तर ठेवलं. अवघड कादंबरीचा सोपा सिनेमा झाला. आणि सोप्याला आपण ‘सरस’ म्हणू लागलो.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. राजू हा पर्यटकांना गावं, देवळं, गुहा दाखवणारा गाईड. मार्को नावाचा संशोधक आपल्या बायकोला, रोझीला, घेऊन येतो. तिला नाचाचं वेड, याला दगडांचं. राजू रोझीच्या प्रेमात पडतो, पुढे तिला मोठी नर्तकी बनवतो, पैसा उधळतो आणि तिची खोटी सही केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात जातो. सुटून आल्यावर नदीकाठच्या एका जुन्या देवळात बसतो. गावकरी त्याला साधू समजतात. पुढे दुष्काळ पडतो आणि पावसासाठी या बनावट साधूला खरा उपास करावा लागतो.

आता गंमत पाहा. कादंबरीत रोझीची ही सगळी कहाणी आपल्याला कोण सांगतं? राजू. देवळाच्या पायरीवर बसून वेलन नावाच्या गावकऱ्याला तो आपल्या आयुष्याची कबुली देतो. आणि हा राजू कसा आहे? प्रवासी बघून इतिहास बदलणारा. एकाच पडक्या भिंतीचं वय एकाला इतकं सांगेल, दुसऱ्याला तितकं. माहीत नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावातच नाही. अशा माणसाने आपल्या प्रेयसीची, तिच्या नवऱ्याची आणि स्वतःच्या गुन्ह्याची सांगितलेली हकिकत आपण ऐकतो आहोत, हे नारायण आपल्याला विसरू देत नाहीत. प्रत्येक पानावर थोडी शंका शिल्लक राहते. सिनेमात पडद्यावर दिसलं ते घडलं, असं आपण मुकाट्याने मानतो. राजूच्या जिभेवरची कथा कॅमेऱ्याच्या तोंडी गेली की ती साक्ष बनते. पहिली शंका इथे मेली.

दुसरा मुद्दा रोझीचा. हा मुद्दा मला बाई म्हणून जास्त टोचतो. लोक म्हणतात, सिनेमाने त्या काळात केवढं धाडस केलं, नवऱ्याला सोडून जाणारी नायिका दाखवली! धाडस होतं हे खरं. पण त्या धाडसाची किंमत कशी चुकवली तेही बघू. कादंबरीतली रोझी अर्थशास्त्रात एम.ए. झालेली. देवदासीच्या घराण्यातली. मार्कोने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तिने अर्ज केला आणि लग्न केलं. म्हणजे निवड तिची होती, चुकलेली असली तरी तिची. सिनेमात आईने मुलीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून तिला मार्कोच्या गळ्यात बांधलं. कादंबरीतला मार्को रुक्ष आहे, कोरडा आहे, त्याला माणसांपेक्षा गुहेतली चित्रं प्रिय आहेत, पण तो बदफैली नाही. सिनेमात तो गुहेत दुसऱ्या बाईबरोबर सापडतो. झालं! आता रोझी मोकळी झाली. तिच्या घर सोडण्याला प्रेक्षकांचा परवाना मिळाला.

नारायणांची रोझी असा परवाना मागत नाही. राजूशी आपलं काय चाललं आहे ते ती स्वतःच्या तोंडाने नवऱ्याला सांगते. त्यावर मार्को तिच्याशी बोलणं टाकतो. ती आठवडे न् आठवडे त्याच्या मागे मागे फिरते, आणि तो तिला रेल्वे स्टेशनवर तशीच सोडून गाडीत बसतो. पुढे ती मोठी नर्तकी होते, नाव मिळवते. आणि तेव्हाच मार्कोच्या ग्रंथाची बातमी त्याच्या फोटोसकट इलस्ट्रेटेड वीकलीत येते. रोझी तो फोटो कापून आपल्या आरशावर लावते. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. ज्याने आपल्याला टाकलं त्याच्या विद्येचा अभिमान वाटणारी, ज्याने आपल्याला उचललं त्याच्याबरोबर गुदमरणारी आणि तरीही वकिलाची फी भरण्यासाठी राबणारी ही बाई चांगली की वाईट, याचा निवाडा करता येत नाही. खरी माणसं अशीच असतात. नवरा खलनायक असल्याशिवाय बाईला घर सोडण्याचा अधिकार नाही, असं सिनेमा न बोलता सांगून जातो. ज्या धाडसाला आपण टाळ्या वाजवतो त्याच्या पोटात ही भीती आहे.

आणि शेवट. सगळ्यात मोठं भांडण शेवटाशी.

कादंबरीतला राजू साधू कसा होतो ते नारायणांनी असं रंगवलं आहे की हसू आवरत नाही. तो काही करत नाही, लोक करतात. वेलन दोन पायऱ्या खाली बसतो म्हणून राजू उंच होतो. वेलनची बहीण लग्नाला तयार नसते, ती पुढे आपणहून तयार होते, श्रेय स्वामींना. लोक फळं, दूध आणतात, हा खातो. शोभेल म्हणून दाढी वाढवतो. गावच्या मास्तरांना बोलावून देवळात मुलांची शाळाही भरवतो. मग दुष्काळ येतो, मारामारी होते. भांडण थांबवलं नाही तर मी जेवणार नाही, असा राजू निरोप देतो आणि वेलनचा अर्धवट भाऊ गावात सांगतो की पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. राजूला त्या दिवसांत भजी खाण्याची इच्छा झालेली असते! पहिल्या दिवशी तो भांड्यात उरलेलं शिळं अन्न लपून खातो. मग गर्दी जमते, जत्रा भरते, दुकानं लागतात, आरोग्य खात्याचे लोक येतात, सरकारी तार येते, एक अमेरिकन माणूस कॅमेरा घेऊन येतो.

आणि या सगळ्या हास्यजत्रेच्या मधोमध काहीतरी विलक्षण घडतं. पैसा आणि प्रेम या दोन गोष्टींखेरीज कशासाठी तरी आपण पहिल्यांदाच जीव ओततो आहोत, असं त्या लबाड माणसाला वाटू लागतं. आता तो पळून जाऊ शकतो, पण जात नाही. अकराव्या दिवशी त्याला धरून नदीत उभं करतात. डोंगराकडे पाऊस आला आहे, पायांखाली जाणवतो आहे, असं काहीसं तो म्हणतो आणि कोसळतो. कादंबरी संपली.

पाऊस पडला का? नारायण सांगत नाहीत. राजू मेला का? तेही सांगत नाहीत. तो संत झाला का, की उपासाने डोकं हलकं झालेल्या माणसाचा तो भास होता? आपलं आपण ठरवायचं. किंवा ठरवता येत नाही हे पत्करायचं.

सिनेमात काय होतं? सिनेमातला राजू आधी स्वतःच म्हणतो की माणसाच्या भुकेचा आणि पावसाचा काय संबंध? उत्तम प्रश्न! आपण पापी आहोत हे तो सांगून टाकतो, तर गावकरी रत्नाकराचा वाल्मीकी झाल्याचा दाखला देतात. कादंबरीतल्या कबुलीजबाबानंतर वेलन तसाच श्रद्धेने बसून राहतो, तेव्हा आपल्याला हसावं की रडावं कळत नाही. इथे मात्र वाल्याचा वाल्मीकी होणार हे आपल्याला आधीच कळवलं जातं. मग रोझी येते, आई येते, गफूर येतो. कादंबरीत यातलं कोणीही येत नाही, राजू परक्यांच्या गर्दीत एकटाच असतो. शरीर आणि आत्मा यांचा संवाद होतो. आणि मग धो धो पाऊस पडतो. प्रश्न सिनेमाने विचारला होता, उत्तर आभाळातून आलं. थिएटरात सगळे डोळे पुसतात. गर्दीचं म्हणणं बरोबर ठरलं. स्वामी खरे निघाले.

कौतुक असं की या सिनेमाला फिल्मफेअरची ढीगभर बक्षिसं मिळाली, त्यात उत्कृष्ट कथेचं बक्षीस आर. के. नारायण यांच्या नावावर होतं. ज्या कथेचा कणा काढून घेतला, तिलाच हार घातला!

यावर ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. “बाई, माध्यम वेगळं असतं. सिनेमात शेवट लागतो. प्रेक्षक पैसे देऊन येतो, त्याला अधांतरी कसं सोडणार?”

माध्यम वेगळं असतं हे मला मान्य आहे. म्हणूनच गाव बदलल्याबद्दल आणि गाण्यांबद्दल मी तक्रार केली नाही. पण अधांतरी शेवट सिनेमाला झेपत नाही, हे साफ खोटं. आपल्याच मराठीतला ‘सिंहासन’ बघा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७९. दोन जाडजूड पुस्तकांतलं कितीतरी गळलं असणार. पण शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू कशाचं? हताशेचं, वेडाचं, की सगळं कळून चुकल्याचं? निळू फुले आपल्याला सांगत नाहीत. आपण ते हसू कानात घेऊन घरी जातो. सिनेमाला शंका पेलता येते. पेलायची इच्छा हवी.

आणि प्रेक्षकाला शंका नको असते, हेही मला पटत नाही. मी तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ऑफ तासाला मुलं गोष्ट सांगा म्हणत, तेव्हा नववीच्या वर्गात मी अनेकदा ‘गाईड’ची गोष्ट सांगितली आहे, वयाला झेपेल तेवढीच. राजू नदीत कोसळला, इथे मी थांबत असे. मग विचारत असे, पाऊस पडला का? वर्ग दुभंगायचा. अर्धे हात वर, अर्धे खाली. पोरं तावातावाने भांडायची. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, पडला असेलही. पण तो त्यांच्यामुळेच पडला असं कशावरून?” वर्ग एकदम गप्प झाला. चौदा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरीला जो प्रश्न पेलला, तो तीन रुपयांचं तिकीट काढणाऱ्या मोठ्या माणसांना पेलणार नाही असं कुणी ठरवलं?

त्या पोरीचा प्रश्न हाच माझ्या भांडणाचा गाभा आहे. कुणी म्हणेल, एका जुन्या सिनेमाच्या शेवटावरून एवढं रण कशाला माजवायचं? म्हणून सांगते. आपल्या देशात बाबांना तोटा नाही. ते कसे तयार होतात याचं इतकं अचूक वर्णन मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. कुणीतरी दोन पायऱ्या खाली बसतो, कुणाची तरी अडचण योगायोगाने सुटते, गर्दी जमते आणि मग त्या गर्दीतून बाबालाही बाहेर पडता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला तेव्हा शिकलेली माणसं हातात वाट्या घेऊन रांगेत उभी होती. रांग आहे म्हणजे खरं असणार, एवढाच त्यांचा पुरावा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला. त्यांनी आयुष्यभर काय केलं? त्या मुलीने विचारला तोच प्रश्न विचारला. पडला असेलही, पण त्याच्यामुळे कशावरून?

सिनेमाचा शेवट या प्रश्नावर पाणी ओततो, तेही फार सुंदर पाणी. वाईट कलाकृतीने केलं असतं तर मी दोन ओळीही लिहिल्या नसत्या. इतक्या देखण्या, इतक्या सुरेल सिनेमाने केलं म्हणून लिहिते आहे, कारण देखणी गोष्ट मनात खोल जाऊन बसते.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. नारायण काही नास्तिकांचा प्रचार करत नव्हते. कादंबरीतल्या राजूचा उपास सरळ थट्टेचा विषय असता तर ती कादंबरी निम्मीच राहिली असती. ढोंग्याच्या हातूनही काही खरं घडू शकतं, ही शक्यता त्यांनी उघडी ठेवली आहे, आणि त्या गर्दीचा वेडेपणाही लपवलेला नाही. दोन्ही एकाच वेळी. श्रद्धावानालाही ते पुस्तक अस्वस्थ करतं आणि बुद्धिवाद्यालाही. आपल्याकडे गाडगेबाबांसारखा माणूस होऊन गेला. तो कीर्तनातून लोकांनाच प्रश्न विचारायचा आणि कुणी पाया पडायला आलं तर दूर पळायचा. श्रद्धा आणि शंका एका झोळीत राहू शकतात हे त्या फाटक्या कपड्यांतल्या माणसाला समजलं होतं. मोठ्या बजेटच्या रंगीत सिनेमाला ते समजलं नाही, किंवा समजूनही परवडलं नाही.

‘गाईड’ पाहू नका असं मी म्हणत नाही. मीही टीव्हीवर लागला की कामं टाकून पाहते आणि गाण्यांच्या वेळी कुणाला बोलू देत नाही. पण तो पाहिला म्हणजे ‘द गाईड’ कळली, असं समजू नका. आणि न वाचता ‘पुस्तकापेक्षा सरस’ असं तर मुळीच म्हणू नका. नारायणांचं इंग्रजी इतकं साधं आहे की मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माझ्यासारखीलाही शब्दकोश क्वचितच उघडावा लागला. दोनेकशे पानांचं पुस्तक. चार दुपारी पुरेत.

शेवटचं पान वाचून झालं की लगेच उठू नका. राजू पाण्यात उभा आहे, डोंगराकडे पाहतो आहे. तिथे ढग आहेत की नाहीत, हे नारायणांनी तुमच्यावर सोपवलं आहे. घाईने पाऊस पाडू नका.